मातीतला तापमापक

नेदरलँड्सच्या उत्तरेला टेक्सेल नावाचं एक सपाट बेट आहे. मुख्य भूमीवरून फेरीबोटीनं वीस मिनिटांत तिथं पोचता येतं आणि बोट लागते त्या धक्क्याजवळच डच लोकांची समुद्रसंशोधन संस्था आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीला या संस्थेत याप सिनिंगं डामस्टे, स्टेफान स्खाउटन आणि एलेन होपमान्स ही मंडळी समुद्रतळाच्या चिखलात एका विशिष्ट प्रकारच्या मेदरेणूंच्या मागावर होती. हे रेणू आर्कियांच्या पेशीपटलातले. आर्किया हे दिसायला जिवाणूंसारखे, पण जिवाणू नसलेले सूक्ष्मजीव. कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली त्यांना सजीवसृष्टीत वेगळं दालन दिलं, तोवर त्यांची गणना जिवाणूंतच होत असे. उकळते झरे, मिठागरं अशा अवघड जागीच ते राहतात असाही समज होता. प्रत्यक्षात ते थंड, साध्या समुद्रातही भरपूर होते आणि मेल्यावर त्यांचे मेद तळाच्या गाळात साठत होते.

अडचण होती ती यंत्राची. हे रेणू फार अवजड, भार हजाराच्या वर. गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये पदार्थाची वाफ व्हावी लागते आणि यांची ती होत नसे. मग रसायनं घालून रेणू तोडायचा, तुकडे मोजायचे आणि त्यांवरून मूळचा रेणू कसा असेल याचा अंदाज बांधायचा, असा द्राविडी प्राणायाम चाले. २००० साली होपमान्स यांनी द्रवावर चालणारी क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांची अशी सांगड घातली की रेणू अख्खाच्या अख्खा यंत्रातून जाऊ लागला. आर्कियांचे अपेक्षित रेणू १३०२, १३००, १२९८ अशा भारांवर दिसले. शिवाय आणखी तीन टोकं आलेखावर उमटली, ज्यांची कुणाला अपेक्षा नव्हती: १०२२, १०३६ आणि १०५०.

दोन आकड्यांतला फरक पाहिला तर तो दरवेळी १४ येतो. एक कार्बन आणि दोन हायड्रोजन मिळून १४ होतात, हे रसायनशास्त्राचा विद्यार्थी झोपेतही सांगेल. म्हणजे सांगाडा एकच, फक्त त्याला चिकटलेले मिथिल गट कधी चार, कधी पाच, कधी सहा. रेणूंची बांधणी आर्कियांसारखी, दोन्ही टोकांना ग्लिसरॉल आणि मधे पटलाच्या आरपार जाणाऱ्या दोन लांब साखळ्या. पण साखळ्यांची घडण मात्र आर्कियांची नव्हती. हे मेद बनवतं कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढं लवकरच कळलं की मातीत आणि पीटमध्ये ते मुबलक आहेत, नदीमुखाजवळच्या गाळात बरेच आहेत आणि किनाऱ्यापासून दूर जावं तसतसे कमी होत जातात. म्हणून २००४ साली टेक्सेलच्याच गटानं त्यांचा पहिला उपयोग केला तो नुसता ओळखचिठ्ठी म्हणून: समुद्राच्या गाळात जमिनीवरची माती किती वाहून आली आहे ते ठरवायला.

या किरकोळ कामाच्या रेणूंना पुढं एवढं महत्त्व का आलं, हे कळायला आधी जमिनीची उपेक्षा समजून घ्यावी लागते. समुद्राचं प्राचीन तापमान मोजण्याची विद्या तोवर चांगली वयात आली होती. हॅरल्ड युरी यांनी १९४७ साली ऑक्सिजनच्या समस्थानिकांची कल्पना मांडली. शिंपल्यातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण पाण्याच्या तापमानाप्रमाणं बदलतं, तेव्हा शिंपला मोजा आणि तापमान काढा. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या चेझारे एमिलियानी यांनी १९५५ साली समुद्रतळातल्या सूक्ष्म कवचांवरून हिमयुगांची चढउतार दाखवली. १९८६ साली ब्रिस्टलच्या जेफ्री एग्लिंटन यांच्या गटानं शेवाळांच्या मेदांवरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान काढण्याची रीत बसवली. २००२ साली टेक्सेलकरांनी आर्कियांच्या मेदांवरून आणखी एक तापमापक दिला. समुद्रतळावर गाळ शांतपणे, थरावर थर असा लाखो वर्षं बसत राहतो. त्याच्याकडे नोंदवही आहे आणि ती फारशी कुणी फाडत नाही.

जमिनीचं तसं नाही. जमीन झिजते, वाहून जाते, उकरली जाते. तिथं शिंपले नाहीत आणि शेवाळही बेताचंच. होती ती झाडांची पानं. आयर्व्हिंग बेली आणि एडमंड सिनट या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१५ साली दाखवलं होतं की उष्ण प्रदेशातल्या झाडांत सरळ, गुळगुळीत कडेच्या पानांचं प्रमाण जास्त असतं आणि थंड प्रदेशात दातेरी कडेची पानं वाढतात. आंबा, वड, फणस, जांभूळ यांची पानं डोळ्यांपुढं आणली की आपल्याला हे लगेच पटतं. पण जीवाश्म झालेली, कड शाबूत राहिलेली, पुरेशा जातींची पानं एकाच थरात सापडणं हे नशिबाचं काम. परागकण सापडतात, मात्र ते तापमानाबरोबर पावसाचंही काही सांगतात आणि दोन्ही सूर वेगळे काढणं कठीण जातं. हवामानाची गणिती प्रारूपं तपासायची तर जमिनीचे आकडेच अधिक हवेत, कारण तापमान वाढू लागलं की जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते. नेमकी तीच पानं कोरी होती.

प्राचीन जीवांचे रेणू खडकात टिकतात ही गोष्ट मात्र जुनी होती. म्यूनिकच्या आल्फ्रेड ट्राइब्स यांनी १९३०च्या दशकात खनिज तेलात हरितद्रव्याचे अवशेष दाखवले आणि तेल हे सजीवांपासून बनतं याचा रासायनिक पुरावा हाती आला. हाड जातं, पान जातं, पेशीही जाते, पण काही मेदरेणू इतके चिवट असतात की कोट्यवधी वर्षं गाळात तग धरतात. टेक्सेलच्या त्या तीन टोकांमागचे रेणू याच चिवट कुळातले होते.

पेशीपटल हे मेदाचं असतं आणि ते फार घट्टही चालत नाही, फार पातळही चालत नाही. थंडीत खोबरेलाची बाटली गोठते आणि शेंगदाण्याचं तेल तसंच वाहतं राहतं, ते त्यांतल्या रेणूंच्या घडणीमुळं. सूक्ष्मजीवाला हा फरक स्वतःच्या अंगात घडवून आणावा लागतो, नाहीतर तो हिवाळ्यात मरेल. साखळीवर मिथिल गट चिकटवले की रेणू एकमेकांना नीट खेटून बसत नाहीत आणि पटल सैल राहतं. तेव्हा थंड मातीतला जीव सहा गट लावतो, उबदार मातीतला चारांवर भागवतो. हा निदान तर्क होता. तो तपासायचं काम योहान वेयर्स या तरुण संशोधकाकडे आलं.

वेयर्स यांनी आधी हे मेद पीटमधून वेगळे करून त्यांच्या ग्लिसरॉलची रचना तपासली. आर्कियांचं ग्लिसरॉल आणि जिवाणूंचं ग्लिसरॉल एकमेकांची आरशातली प्रतिमा असावीत तसं उलटसुलट असतं. या मेदांचं ग्लिसरॉल निघालं जिवाणूंच्या वळणाचं. २००६ साली हे छापून आलं आणि निदान कुळ ठरलं: बांधणी आर्कियांची, पण मालक जिवाणू. कुठला जिवाणू, ते गुलदस्त्यातच राहिलं.

मग त्यांनी माती गोळा केली. जगभरच्या ९० ठिकाणांहून १३४ नमुने, ध्रुवाजवळच्या गोठलेल्या जमिनीपासून विषुववृत्ताच्या रानापर्यंत. माती गोठवून सुकवायची, सेंद्रिय द्रावकात तिचा अर्क काढायचा, तो अ‍ॅल्युमिनाच्या बारीक स्तंभातून गाळायचा आणि यंत्रात सोडायचा. शेवटी हाती येतात ते त्या टोकांखालचे आकडे. चार गटांचे रेणू किती, पाचांचे किती, सहांचे किती, आणि ज्यांच्या साखळीत कडी तयार झाली आहे असे किती. या आकड्यांची दोन गुणोत्तरं वेयर्स यांनी बांधली. मिथिल गटांचं गुणोत्तर तापमानाबरोबर हललं, पण त्यात मातीच्या आंबटपणाचाही हात होता. कड्यांचं गुणोत्तर मात्र जवळजवळ निव्वळ आंबटपणा सांगत होतं. म्हणजे दुसऱ्यानं आंबटपणा काढायचा, पहिल्यातून तो वजा करायचा आणि उरेल ते वार्षिक सरासरी तापमान. २००७ साली हा निबंध आला. अंदाजातली चूक जवळपास पाच अंशांची होती. आजचं हवामान मोजायला हे यंत्र कुणी हातात धरलं नसतं. पण ज्या काळाबद्दल काहीच माहीत नव्हतं त्या काळासाठी पाच अंशांची चूकही चालण्यासारखी होती.

त्याच वर्षी वेयर्स आणि सहकाऱ्यांनी त्याचे दोन मोठे उपयोग करून दाखवले. पहिला काँगो नदीच्या मुखासमोरचा. काँगोचं खोरं प्रचंड, मध्य आफ्रिकेचा मोठा भाग ती धुऊन नेते, तेव्हा मुखाजवळच्या गाळात त्या सगळ्या प्रदेशाची सरासरी माती येऊन पडते. त्या गाळाच्या एका नळीत गेल्या २५,००० वर्षांची नोंद मिळाली. हिमयुग ऐन भरात असताना मध्य आफ्रिका सरासरी २१ अंशांच्या आसपास होती आणि हिमयुग सरता सरता ती २५ पर्यंत चढली. हिमयुगात विषुववृत्तावरची जमीन किती थंड झाली होती, या जुन्या वादात जमिनीवरचाच साक्षीदार प्रथमच एवढ्या सलगपणे बोलला.

दुसरा उपयोग मात्र चित्तथरारक होता आणि त्याची सुरुवात प्रयोगशाळेत नव्हे तर बर्फात झाली. ऑगस्ट २००४ मध्ये उत्तर ध्रुवापासून सुमारे २५० किलोमीटरवर, लोमोनोसोव्ह नावाच्या समुद्राखालच्या डोंगररांगेवर, तीन जहाजं एकमेकांच्या आगेमागे उभी होती. वाहून येणाऱ्या बर्फाचे मोठे तुकडे रशियाचं अणुशक्तीवर चालणारं 'सोव्हेत्स्की सोयूझ' पुढं जाऊन फोडायचं. फुटलेले तुकडे स्वीडनचं 'ओडेन' आणखी बारीक करायचं. आणि त्या चुऱ्यात 'विदार वायकिंग' जागचं न हलता समुद्रतळाला भोक पाडत राहायचं. बर्फ सतत सरकत असतो. जहाज जागेवरून ढकललं गेलं तर खाली लोंबणारी नळी मोडणार, म्हणून ही सगळी कवायत. यान बाकमान आणि केट मोरान यांच्या नेतृत्वाखाली ही मोहीम तळाखाली ४२८ मीटरपर्यंत पोचली. आर्क्टिक महासागराच्या मध्यातून इतका खोल गाळ तोवर कुणी वर काढला नव्हता.

त्या गाळात ५.६ कोटी वर्षांपूर्वीचा एक थर होता. पॅलिओसीन संपून इओसीन सुरू होताना पृथ्वी भूशास्त्रीय हिशेबानं झटकन, काही हजार वर्षांत, पाचेक अंशांनी तापली. हवेत कार्बनचा मोठा लोट कुठून तरी आला होता. जेम्स केनेट आणि लोवेल स्टॉट यांनी १९९१ साली अंटार्क्टिकाजवळच्या गाळात या तापाची पहिली ठळक नोंद वाचली आणि तेव्हापासून आजच्या तापमानवाढीशी ताडून पाहायला सगळे याच प्रसंगाकडे वळतात. आर्क्टिक गाळातल्या आर्कियांच्या मेदांनी सांगितलं की ध्रुवाजवळचा समुद्र आधी १८ अंशांच्या आसपास होता आणि या तापात २३ च्या वर गेला. वेयर्स यांनी त्याच गाळातले मातीचे मेद मोजले. आसपासच्या जमिनीचं वार्षिक सरासरी तापमान १७ वरून २५ अंशांवर चढलेलं दिसलं. पंचवीस म्हणजे आपल्या पुण्याची सरासरी, आणि तीही जिथं हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्यच उगवत नाही तिथं. पुढं त्याच भागातल्या थोड्या अलीकडच्या थरांत ताडवर्गीय झाडांचे परागकण सापडले. ताडाला कडाका सोसत नाही, तेव्हा ध्रुवाजवळचा हिवाळा सौम्य होता एवढं तरी त्यांनी स्वतंत्रपणे सांगितलं.

इथपर्यंत कहाणी विजयाची वाटते. मला स्वतःला तिचा पुढचा भाग जास्त आवडतो, कारण तिथं या तापमापकाची उलटतपासणी सुरू झाली, आणि तीही मुख्यतः तो बनवणाऱ्यांकडूनच.

पहिली शंका पत्त्याची होती. मातीतले मेद नदीतून समुद्रात आले असं गृहीत धरलं होतं. पण तळ्यांच्या गाळात, नद्यांच्या पाण्यात आणि ध्रुवीय फ्योर्डांतही हे मेद जागच्या जागी तयार होतात, असं २००९ पासून एकेका अभ्यासात दिसू लागलं. सायबेरियाच्या येनिसेई नदीत तर नदीच स्वतःचा माल बनवत होती. म्हणजे समुद्राच्या गाळातला रेणू खरोखर डोंगरउतारावरच्या मातीतला की वाटेतल्या पाण्यातला, हे आधी ठरवावं लागणार. आर्क्टिकच्या त्या २५ अंशांवरही नंतर फेरविचार झाला, कारण त्या गाळातले काही मेद समुद्रातच बनले असण्याची शक्यता पुढं आली. दुसरी शंका ऋतूची. जिथं सहा महिने जमीन गोठलेली असते तिथं जिवाणू काय वर्षभराची सरासरी नोंदवणार? तो बर्फ वितळल्यावर जागा होणार आणि उन्हाळ्याचं सांगणार. आता तळ्यांसाठी वापरायच्या सूत्रांत शून्याच्या वर तापमान असलेल्या महिन्यांचीच सरासरी धरतात.

तिसरी शंका सिंडी डे यॉन्ग यांची आणि ती सगळ्यांत लहान दिसणारी होती. पाच आणि सहा मिथिल गटांच्या रेणूंची टोकं आलेखावर थोडी जाडसर, खांदा असल्यासारखी येत. २०१३ साली त्यांनी दाखवलं की ते एक टोक नसून दोन आहेत, एकमेकांवर चढलेली. भार तोच, गट तेवढेच, पण एकात मिथिल साखळीच्या पाचव्या कार्बनवर बसलेला, दुसऱ्यात सहाव्यावर. एवढ्याशा फरकाला कुणी किंमत दिली नसती. पण २०१४ साली त्यांनी शेकडो मातीनमुन्यांत ही जोडी वेगळी मोजली, तेव्हा पाचव्या कार्बनवाले तापमानाप्रमाणं बदलत होते आणि सहाव्यावाले आंबटपणाप्रमाणं. वेयर्स यांच्या मूळ गुणोत्तरात आंबटपणा घुसला होता तो इथून. सहाव्यावाल्यांना हिशेबाबाहेर ठेवलं की मधली ती वजाबाकीच उरत नाही. आधी छापलेले पुष्कळ आकडे पुन्हा मोजावे लागले. होपमान्स यांनी २०१६ साली दोन स्तंभ एकामागे एक जोडून ही जोडी नीट सुटी करण्याची पद्धत दिली आणि आता जगभर तीच चालते.

मालकाचा शोधही दरम्यान चालू होता. मातीत मुबलक, पण प्रयोगशाळेत वाढायला नाखूष अशा अ‍ॅसिडोबॅक्टेरिया गटावर संशय होता. २०११ साली सिनिंगं डामस्टे यांना या गटातल्या अनेक जिवाणूंत अर्धा रेणू सापडला, म्हणजे दोन साखळ्या जोडल्यावर जो लांब सांगाडा बनतो त्याचं मूळ मेदाम्ल. पूर्ण रेणूंचा सगळा संच मात्र हाती येत नव्हता. तो द्यायला पुढं आला 'सोलिबॅक्टर युझिटेटस' नावाचा जिवाणू. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या एलिनबँक इथल्या कुरणाच्या मातीतून तो वेगळा केलेला होता. २०२०नंतरच्या दोनतीन वर्षांत वेगवेगळ्या गटांनी तो वेगवेगळ्या तापमानांना वाढवला. गार ठेवला तर त्यानं मिथिल गट वाढवले, उबेत ठेवला तर कमी केले. ऑक्सिजन कमी पडला की मेदाचं उत्पादन वाढतं, हेही दिसलं. म्हणजे पंधरा वर्षं संख्याशास्त्राच्या भरवशावर वापरात असलेल्या यंत्रामागचं शरीरशास्त्र शेवटी बशीत दिसलं. उलट्या क्रमानं झालेलं काम म्हणून कुणी नाक मुरडेल. पण मूळ अंदाज बरोबर निघाला, याचं श्रेय वेयर्स यांच्या मातीच्या पिशव्यांना द्यायला हवं.

पत्त्याच्या शंकेवर एक सोपं उत्तर होतं: जो गाळ जिथं तयार झाला तिथंच राहिला आहे तो घ्या. पीट हा तसा पदार्थ. दलदलीत झाडं मरतात, पाण्याखाली कुजत नाहीत आणि वर्षानुवर्षं जागच्या जागी रचली जातात. पीट दाबलं गेलं की लिग्नाइट होतं, तो तपकिरी, कच्चा कोळसा. दगडी कोळशापर्यंत मजल गेली तर उष्णतेनं हे मेद नष्ट होतात, पण लिग्नाइटमध्ये ते बहुधा शाबूत असतात. ब्रिस्टलच्या डेव्हिड नाफ्स यांनी २०१७ साली ९६ पीटभूमींतले ४७० नमुने जमवून खास पीटसाठी मोजपट्टी तयार केली. पुढच्याच वर्षी तिनं इओसीनच्या सुरुवातीची लिग्नाइटं मोजली, तेव्हा आज युरोप ज्या अक्षांशांवर आहे तिथं वार्षिक सरासरी २३ ते २९ अंश निघाली. पानांवरून काढलेले आकडे याहून बरेच कमी होते.

आणि याच पीटच्या रस्त्यानं हा डच तापमापक आपल्या सह्याद्रीपाशी येऊन ठेपला.

डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी १९८० साली इटलीतल्या मातीच्या पातळ थरात इरिडियम दाखवून त्याचं खापर आकाशातून पडलेल्या खडकावर फोडलं आणि पुढं मेक्सिकोत चिक्सुलूबचं विवरही सापडलं. पण त्याच सुमाराला पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला लाव्हाचे लोंढे वाहत होते. त्यांतून दख्खनचं पठार बनलं. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो बेसॉल्ट आहे आणि पश्चिम घाटात त्याची जाडी कित्येक ठिकाणी किलोमीटरहून जास्त आहे. मारेकरी कोण, खडक की लाव्हा, हा वाद चार दशकं चालू आहे आणि त्यात सज्जन शास्त्रज्ञांनीही एकमेकांना बरंच काही ऐकवलं आहे.

लाव्हाचे थर भूशास्त्रज्ञांनी रासायनिक घडणीवरून वेगळे केले आणि गावांच्या नावांनी ओळखायला सुरुवात केली. खालून वर वाचत गेलं तर एसटीच्या वेळापत्रकासारखी यादी लागते: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. पोलादपूरहून प्रतापगडाला वळसा घालत आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरला जाणारा माणूस जवळपास याच क्रमानं जुन्या लाव्हाकडून नव्या लाव्हाकडे जात असतो. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्याचं नाव प्रिन्स्टन आणि बर्कलीच्या शोधनिबंधांत वारंवार येतं, हे मराठी वाचकाला गमतीचं वाटावं. घाटाच्या कापात काळ्या खडकांमधे तांबड्या मातीचे पट्टे दिसतात. दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीत तयार झालेली ती माती. त्या पट्ट्यांतले झिरकॉनचे बारीक स्फटिक वेचून ब्लेअर शोन यांच्या गटानं २०१९ साली दाखवलं की उद्रेक सलग नव्हते, झटक्याझटक्यानं झाले, आणि त्यांतला पोलादपूरचा झटका विनाशाच्या थोडाच आधी आला. त्याच अंकात दुसऱ्या गटानं आर्गॉनच्या पद्धतीनं वेगळी मांडणी केली आणि वाद पुन्हा पेटला.

लाव्हाबरोबर दोन वायू येतात आणि त्यांचे परिणाम उलटे. कार्बन डायऑक्साइड तापवतो आणि हजारो वर्षं हवेत राहतो. गंधकाच्या वायूंपासून सूक्ष्म कण बनतात, ते ऊन परतवतात आणि पृथ्वी गार करतात, पण वर्षादोनवर्षांत धुऊन जातात. १९९१ साली फिलिपीन्सच्या पिनाटुबोनं जग सुमारे अर्ध्या अंशानं गार केलं होतं, तेही थोड्याच काळासाठी. पोलादपूरच्या वेळी नेमकं काय झालं? लॉरेन ओ'कॉनर आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या दोन लिग्नाइटांत शोधलं. त्या दलदली विनाशाच्या आधीपासून नंतरपर्यंत पीट साठवत होत्या, तेव्हा विनाशाची रेघ कोळशाच्या आतच पडलेली. तिच्याखालच्या सुमारे एक लाख वर्षांच्या पीटमधले मेद त्यांनी मोजले. डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्या लाख वर्षांत तापमान हळूहळू सुमारे तीन अंशांनी चढलं होतं. पण मधेच, विनाशाच्या साधारण ३०,००० वर्षं आधी, ते पाच अंशांनी खाली आलं आणि दहा हजार वर्षांच्या आत पुन्हा मूळपदावर गेलं. ही घसरण पोलादपूरचा झटका ऐन भरात असतानाची. चढ कार्बनचा, घसरण गंधकाची, असा त्यांचा अर्थ.

पाच अंशांची चूक असणाऱ्या यंत्रानं पाच अंशांची घसरण कशी सांगितली, असं कुणीही विचारेल. ती चूक मुख्यतः वेगवेगळ्या ठिकाणांमधली आहे. एकाच दलदलीत खालच्या थरापेक्षा वरचा थर किती गार, हा फरक अधिक भरवशाचा असतो. तरीही दोन लिग्नाइटं एकाच खंडातली आहेत आणि त्यांवरून साऱ्या पृथ्वीचा ताप ठरवायला मी कचरेन. निबंधाचा मला पटलेला भाग वेगळा आहे: खडक पडला तेव्हा ती थंडी ओसरून गेलेली होती. म्हणजे पोलादपूरच्या गंधकानं डायनासोर मारले असं म्हणायचं तर वेळ जुळत नाही. दख्खनच्या बाजूनं बोलणाऱ्यांना आता कार्बनवर भिस्त ठेवावी लागेल, नाहीतर समुद्राच्या आंबटपणावर.

हे मोजमाप सह्याद्रीतच का केलं नाही, याचं एक कारण उघड आहे. हजार अंशांवरच्या लाव्हाखाली गाडलेल्या मातीत मेद टिकणं कठीण. लाव्हाच्या दोन थरांमधे सापडलेला तळ्याचा गाळ मात्र आहे. मुंबईत वरळीला अशाच गाळातून एकोणिसाव्या शतकात बेडकांचे जीवाश्म निघाले. पण तिथं दुसरी अडचण येते, ती यंत्राच्या घडणीतली. उष्णतेत मिथिल गट कमी होत होत सगळे रेणू चार गटांचेच उरले की गुणोत्तर १ होतं आणि त्यापुढं जायला जागाच नाही. पीटच्या मोजपट्टीवर तो आकडा २९ अंशांचा आहे, त्यावर ३० असोत की ३५, उत्तर तेच येतं. दख्खनचे उद्रेक होत होते तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज रियुनियन बेट आहे त्या अक्षांशांच्या आसपास, उष्ण कटिबंधात होता. त्या वेळच्या एखाद्या दलदलीतले मेद शाबूत हाती आले, तरी बहुधा ते 'एकोणतीस किंवा जास्त' एवढंच सांगतील.